हिशोब मागणारे दादाभाई



गणेशपुरी हे गाव तुम्हांला ऐकून तरी माहीत असेल. ते भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी वसले आहे. तेथील गरम पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत. याच नदीवर, गणेशपुरीच्या वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. ते १८९२ साली बांधून पूर्ण झाले. तेव्हापासून तानसाचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. भिवंडीहून प्रवास करताना ते जाडजूड नळ तुम्ही पाहिले असतील.

आता थोडा विचार करा. धरण बांधायला पैसा लागतो. नळ टाकायला पैसा लागतो. हा पैसा येतो कोठून? तो लोकांनी भरलेल्या करांतून येतो. मग त्या पैशाचा हिशोब ज्या वहीत लिहिला जातो, ती वही कोणाची? आणि ज्या कचेरीत ती वही ठेवली जाते, तेथे नोकरी मिळवण्याचा हक्क कोणाला आहे? ठरावीक घराण्यांतील लोकांना, ठरावीक रंगाच्या लोकांना, की सर्वांना?

हे दोन प्रश्न आज सोपे वाटतात. परंतु दीडशे वर्षांपूर्वी ते विचारणे हेच मोठे धाडस होते. ज्या थोर पुरुषाने आपले सारे आयुष्य या दोन प्रश्नांसाठी वेचले, त्याची ओळख तुम्हांला या पाठात करून द्यायची आहे. त्यांचे नाव दादाभाई नौरोजी.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे धर्मगुरूंचे होते. दादाभाई चार वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. घरात कमावते कोणी उरले नाही. त्यांची आई माणेकबाई हिला लिहितावाचता येत नव्हते. पण मुलाने शिकावे अशी तिची मनापासून इच्छा होती. तिने कष्ट केले आणि दादाभाईंना शाळेत घातले. त्या काळी मुंबईत एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत फी न घेता शिकवत असत. तेथे दादाभाई शिकू लागले. फी भरावी लागली असती तर त्यांचे शिक्षण तेथेच थांबले असते.

ही गोष्ट दादाभाई कधीही विसरले नाहीत. आपले शिक्षण लोकांच्या पैशाने झाले आहे, म्हणून आपण लोकांचे देणे लागतो, असे ते मानत. पुढे त्यांनी जे जे केले, त्यामागे हाच विचार होता.

दादाभाईंना गणिताची फार आवड होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी उत्तम यश मिळवले आणि तेथेच ते शिक्षक झाले. पुढे ते गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. तोपर्यंत त्या संस्थेत असे पद एकाही भारतीयाला मिळालेले नव्हते. दादाभाई हे पहिले.

वर्गात शिकवून ते थांबले नाहीत. १८४९ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या. काही शाळा पारशी मुलींसाठी होत्या, तर काही मराठी मुलींसाठी. हे तरुण घरोघर जात आणि मुलींना शाळेत पाठवा म्हणून आईवडिलांना विनवत. काही घरांत त्यांचे स्वागत होई, तर काही ठिकाणी शिव्या खाव्या लागत. १८५१ साली दादाभाईंनी एक गुजराती वर्तमानपत्र काढले. त्याचे नाव होते ‘रास्त गोफ्तार’. हे नाव फारसी आहे. तुम्ही उर्दू शिकता, त्यामुळे त्याचा अर्थ तुम्हांला चटकन कळेल. रास्त म्हणजे खरे आणि गुफ्तार म्हणजे बोलणे. खरे बोलणारा, असा त्या नावाचा अर्थ.

१८५५ साली दादाभाई कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. ती कंपनी अफू आणि दारूचाही व्यापार करत असे. लोकांचे नुकसान करून मिळवलेला पैसा दादाभाईंना नको होता. त्यांनी ती कंपनी सोडली आणि १८५९ साली स्वतःचा व्यापार सुरू केला. काही वर्षे त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक म्हणूनही काम पाहिले.

लंडनमध्ये दादाभाईंना एक नवी गोष्ट दिसली. इंग्लंडच्या संसदेपुढे राज्यकारभाराचे अहवाल ठेवले जात. त्यांत जमाखर्च असे, पगारांचे तक्ते असत, व्यापाराचे आकडे असत. त्यांची मुखपृष्ठे निळी असत, म्हणून त्यांना निळी पुस्तके म्हणत. हे अहवाल छापून प्रसिद्ध होत. भारताच्या कारभाराचे अहवालही त्यांत असत. म्हणजे भारतात कोणाला किती कर भरावा लागतो, पीक किती येते, कोणत्या साहेबाला किती पगार मिळतो, हे सारे त्या पानांत लिहिलेले होते. पण ते वाचणार कोण? भिवंडीचा विणकर किंवा ठाण्याचा शेतकरी ते कसे वाचणार? पुस्तके इंग्रजीत होती आणि तीही लंडनमध्ये. दादाभाईंनी ठरवले, की ज्यांना हे वाचता येत नाही, त्यांच्या वतीने आपण वाचायचे.

येथे एक गंमत सांगतो. कचेरीत चालणारे कितीतरी मराठी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. अर्ज, नक्कल, दाखला, जमा, खर्च, वसूल, हिशोब हे शब्द उर्दूतही आहेत. दफ्तर हा शब्दही तसाच. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत मुले पाठीवर नेतात ती पिशवीही दफ्तर आणि कचेरीत जपून ठेवलेली जुनी कागदपत्रे म्हणजेही दफ्तर. दादाभाईंचा सारा लढा या दफ्तराशीच होता. त्यांच्या हातात ना तलवार होती, ना बंदूक. त्यांच्याजवळ कागद होता आणि गणित होते.

१८७४ साली दादाभाई बडोदे संस्थानाचे दिवाण झाले. तेथे त्यांनी कारभार सुधारण्याचा प्रयत्न केला. परंतु थोड्याच काळात त्यांना ते पद सोडावे लागले. १८७५ साली ते मुंबईत परतले आणि मुंबई महापालिकेचे सभासद झाले.

ही महापालिका तेव्हा अगदी नवी होती. त्याआधी, १८६५ च्या कायद्याप्रमाणे, शहराच्या खर्चाची जवळजवळ सारी सत्ता सरकारने नेमलेल्या एका आयुक्ताच्या हाती होती. शहरात रस्ते झाले, बाजार झाले. पण खर्च बेसुमार वाढला आणि करांचा बोजाही वाढला. पैसे आमचे, मग आम्हांला विचारत का नाही, असे करदाते म्हणू लागले. मोठी चळवळ झाली. अखेर १८७२ साली नवा कायदा आला. चौसष्ट सभासदांची महापालिका स्थापन झाली. त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे होते. खर्चावर नजर ठेवण्यासाठी एक नगर समितीही होती. अर्थात, ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांनाच मत देता येई. गरिबाला मत नव्हते. तरीही दार किलकिले झाले होते.

दादाभाई महापालिकेत गेले आणि नगर समितीतही गेले. त्या वेळी विहार तलावाच्या कर्जाचा प्रश्न गाजत होता. विहार तलाव हे मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे पहिले मोठे काम. ते १८६० साली पूर्ण झाले. ते बांधले सरकारने, पण त्याचा खर्च शहराच्या माथी कर्ज म्हणून मारला गेला. दरवर्षी त्यावर व्याज चढे आणि मुंबईचे करदाते ते भरत. सरकारने सांगितलेला आकडा चुकीचा असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नसे.

दादाभाईंच्या मनात मात्र ते आले. त्यांनी कर्जाचे कागद तपासले. मुद्दल किती, व्याजाचा दर किती, आतापर्यंत भरले किती, हे त्यांनी पुन्हा मांडून पाहिले. त्यांनी दाखवून दिले, की सरकारच्या हिशोबात चूक आहे आणि शहराकडून वाजवीपेक्षा जास्त पैसा घेतला जात आहे. या कामी त्यांना मोठे भाषण करावे लागले नाही. बेरीज, वजाबाकी आणि व्याजाचे गणित एवढेच पुरले. त्यांच्या या कामामुळे शहराचा मोठा पैसा वाचला. मित्रांनो, लक्षात घ्या, कागद पाहायला मिळाले म्हणून हे शक्य झाले. कपाटाला कुलूप असते, तर चूक तशीच राहिली असती आणि लोक मुकाट्याने पैसे भरत राहिले असते.

जे एका शहरासाठी केले, तेच दादाभाईंनी साऱ्या देशासाठी केले. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी किती कमावतो, हा प्रश्न त्यांनी घेतला. सरकारी अहवालांतून त्यांनी पिकांचे, मिठाचे, व्यापाराचे आकडे जमवले. बेरीज केली आणि लोकसंख्येने भागले. उत्तर आले, वर्षाला सुमारे वीस रुपये. मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले. कैद्याच्या अन्नावर आणि कपड्यांवर सरकार किती खर्च करते, हे त्यांत लिहिलेले होते. तो खर्च वीस रुपयांहून जास्त होता. म्हणजे तुरुंगातल्या गुन्हेगाराला जेवढे अन्नवस्त्र मिळे, तेवढेही प्रामाणिकपणे राबणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला येत नव्हते.

१८७६ साली मुंबईत दादाभाईंनी भारताच्या गरिबीवरचा हा निबंध वाचला. सरकारला तो रुचला नाही. १८८० साली इंग्लंडमधील भारत कचेरीच्या एका अधिकाऱ्याने त्यांचे पंजाबचे आकडे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. दादाभाईंनी प्रत्येक मुद्द्याला आकड्यांनीच उत्तर दिले. त्यांच्या लिखाणाला खोटे म्हणणे कठीण होते, कारण बहुतेक आकडे सरकारच्याच पुस्तकांतले होते. भारताचा पैसा दरवर्षी इंग्लंडकडे वाहून जातो आणि म्हणून देश गरीब होतो, हे त्यांनी सिद्ध केले. याविषयीचे त्यांचे मोठे इंग्रजी पुस्तक १९०१ साली प्रसिद्ध झाले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सरकारी नोकरी कोणाला मिळावी?

१८३३ च्या कायद्यात लिहिले होते, की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग यांमुळे कोणाही भारतीयाला सरकारी पदापासून दूर ठेवले जाणार नाही. वचन फार चांगले होते. परंतु मोठ्या पदांसाठी जी सनदी परीक्षा १८५५ पासून सुरू झाली, ती फक्त लंडनमध्येच होत असे. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या मुलाला हजारो मैलांचा समुद्रप्रवास करावा लागे. परीक्षेत नापास झाला, तर सारा खर्च पाण्यात. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. त्यानंतर फार थोडे भारतीय तेथवर पोचले. त्यातच १८७८ पासून परीक्षेला बसण्याची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीस वर्षांवर आणली गेली. इतक्या लहान वयात परदेशी जाऊन, परक्या भाषेत, परक्या मुलांशी स्पर्धा कोण करणार? दार उघडे आहे असे कायदा सांगत होता. पण दारापर्यंत जाण्याची वाटच बंद होती.

दादाभाईंची मागणी साधी होती. तीच प्रश्नपत्रिका, एकाच वेळी, लंडनमध्ये आणि भारतातही द्या. ज्याला गुण जास्त, त्याला नोकरी. त्यात मेहरबानी नको आणि अन्यायही नको.

या मागणीला सर्वच भारतीयांचा पाठिंबा होता असे मात्र नाही. सर सय्यद अहमद खान हे मुसलमानांच्या शिक्षणासाठी झटणारे थोर पुढारी. त्यांनी या स्पर्धेला विरोध केला. इंग्रजी शिक्षणात मुसलमान मागे आहेत, त्यामुळे अशा परीक्षेत ते मागेच पडतील, अशी त्यांना काळजी वाटत होती. उलट मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी काँग्रेसबरोबर होते आणि १८८७ साली ते तिचे अध्यक्षही झाले. मतभेद खरा होता आणि काळजीही खरी होती. तिच्यातून आपण एक गोष्ट शिकावी. दार उघडणे पुरेसे नसते. दारातून आत जाण्यासाठी शिक्षणाची तयारीही लागते. तय्यबजींनी दारही मागितले आणि मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेच्या कामातून मुलांच्या शिक्षणाची तयारीही केली.

हा प्रश्न लंडनमध्येच सुटणार होता, म्हणून दादाभाईंनी इंग्लंडच्या संसदेत जाण्याचे ठरवले. १८८६ च्या निवडणुकीत ते हरले. त्यांच्या रंगावरून इंग्लंडच्या पंतप्रधानांनी जाहीरपणे अपमानकारक शब्द काढले. दादाभाई खचले नाहीत. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागातून ते अवघ्या पाच मतांनी निवडून आले. इंग्लंडमधील साध्या मतदारांनी एका भारतीयाला आपला प्रतिनिधी निवडले होते.

दुसऱ्याच वर्षी, जून १८९३ मध्ये, भारतातही एकाच वेळी परीक्षा घ्यावी असा ठराव संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला. भारतात आनंदीआनंद झाला. परंतु सरकारने ठराव अमलात आणला नाही. ठराव कागदावरच राहिला. १८९५ साली दादाभाई निवडणुकीत पराभूत झाले. त्याच वर्षी भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सभासद होते. तेथेही ते पगार, निवृत्तिवेतन आणि लष्करी खर्च यांचे आकडे मागत राहिले. आयोगातील बहुसंख्य सभासदांना त्यांचे म्हणणे पटले नाही, तेव्हा त्यांनी आपल्या दोन सोबत्यांसह वेगळे मत नोंदवले.

दादाभाई तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०६ साली कलकत्त्याला त्यांनी स्वराज्याची मागणी केली, तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. पुढे ते मुंबईजवळ वर्सोव्याला राहू लागले. ३० जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या परीक्षेसाठी ते इतकी वर्षे झगडले, ती भारतात प्रथम १९२२ साली घेतली गेली. ती पाहायला दादाभाई नव्हते.

मित्रांनो, आज काय स्थिती आहे? आपल्या राज्यघटनेने सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी दिली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील बहुतेक उत्तरे आज उर्दूत किंवा मराठीतही लिहिता येतात. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली झाला आणि साऱ्या देशासाठीचा कायदा २००५ साली झाला. गणेशपुरीची ग्रामपंचायत असो, भिवंडीची महानगरपालिका असो किंवा मंत्रालय असो, कोणताही नागरिक तेथे अर्ज करून सरकारी कागद मागू शकतो. अर्जाची फी दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील लोकांना ती माफ आहे. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत मिळावे लागते. कागद का हवा, याचे कारण सांगावे लागत नाही. आपल्या कचेरीत कोण कोण नोकरीला आहे आणि त्यांना किती पगार मिळतो, ही माहिती तर कचेरीने स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. काही गोष्टी मात्र मिळत नाहीत. देशाच्या सुरक्षेला धोका पोचवणारी माहिती किंवा दुसऱ्याच्या खाजगी आयुष्याची माहिती देण्याचे बंधन कचेरीवर नाही, आणि ते योग्यच आहे.

तुमच्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. परीक्षा मंडळाने तपासलेली आपली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. शंभर वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला हे स्वप्नातही खरे वाटले नसते.

हा अर्ज हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत लिहायचा असतो. आपल्याकडे ती भाषा मराठी आहे. अनेक घरांत वडीलधारी माणसे उर्दू उत्तम वाचतात, पण मराठी अर्ज लिहिताना अडखळतात. घरपट्टीची पावती चुकीची आली, पाणीपट्टी दुप्पट लागली, नोकरभरतीच्या यादीत नाव का नाही ते कळले नाही, तर ते गप्प बसतात किंवा अर्ज लिहून देणाऱ्याला पैसे देतात. तुम्ही मराठी शिकता आहात. अब्बांचा, अम्मीचा, शेजारच्या चाचांचा अर्ज तुम्ही लिहून देऊ शकता. दादाभाईंनी लंडनमध्ये बसून आपल्या लोकांसाठी इंग्रजी पुस्तके वाचली. तुम्ही आपल्या मोहल्ल्यासाठी मराठी कागद वाचा.

मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर या. समोरचा रस्ता दादाभाई नौरोजी मार्ग आहे. त्याच रस्त्यावर अंजुमन-ए-इस्लामची सुंदर इमारत आहे आणि जवळच महापालिकेची भव्य इमारत आहे. पुढे चालत गेलात, की हुतात्मा चौकाजवळ दादाभाईंचा पुतळा दिसेल. तो पाहा. मग घरी आल्यावर आपल्या घरपट्टीची पावती मागून घ्या, तिच्यावरचे आकडे वाचा आणि बेरीज बरोबर आहे की नाही ते स्वतः करून पाहा.